भिवंडीत फिगारो

एका घरात एक कर्तासवरता वडीलधारा पुरुष. घरातल्या मुलीचं लग्न त्याने परस्पर ठरवून टाकलंय. मुलीचा जीव दुसऱ्यावर. तो दुसरा वेश पालटून थेट त्याच घरात शिरतो, आणि सगळ्या गोंधळाची सूत्रं एक तिसराच माणूस हसत हसत हलवत असतो. मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. हे ‘सौभद्र’. बलराम, सुभद्रा, यतीच्या वेशातला अर्जुन आणि कृष्ण. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात याचे पहिले अंक रंगमंचावर आणले, आणि तेव्हापासून महाराष्ट्राने त्याला जुनं होऊ दिलेलं नाही.

पण हाच आराखडा त्याआधी ६६ वर्षं रोममध्ये गायला गेला होता. २० फेब्रुवारी १८१६, आर्जेंतीना नाट्यगृह. ऑपेराचं नाव ‘इल बार्बिएरे दि सिविल्या’, म्हणजे सेव्हिल गावचा न्हावी. संगीत जोआकिनो रोसिनीचं. त्याला चोविसावं वर्ष लागलेलं होतं आणि हे सगळं संगीत त्याने तीन आठवड्यांच्या आत लिहून काढलं होतं. तिथला वडीलधारा म्हणजे डॉक्टर बार्तोलो. आपल्या ताब्यातल्या अनाथ रोझिनाशी, तिच्या पैशावर डोळा ठेवून, तो स्वतःच लग्न लावू पाहतो. बलरामाचा हट्ट आणि ‘शारदा’ नाटकातल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाची हाव एका माणसात ओतली की बार्तोलो तयार होतो. वेश पालटणारा प्रियकर म्हणजे काउंट आल्माव्हिवा: एकदा दारुडा शिपाई होऊन येतो, एकदा गाण्याचा मास्तर होऊन. आणि कृष्णाच्या जागी फिगारो. हातात वस्तरा, खांद्यावर गिटार, गावातल्या प्रत्येक घरात मुक्त प्रवेश.

कृष्णाच्या जागी न्हावी, यात कुणाला उणं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही लग्नकार्यात न्हाव्याचं काम हजामतीपुरतं नव्हतं. निरोप पोचवणं, सांगावे धाडणं, वरातीत हजर असणं हे सगळं त्याच्याकडे. कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्याला ठाऊक, आणि त्याच्यापासून लपवायचं कुणाच्या मनात येत नाही. रोसिनीचा फिगारो जर कुठे सगळ्यात लवकर ओळखीचा होईल, तर तो बलुतेदारी पाहिलेल्या मुलखात.

हा ऑपेरा भिवंडीत, मराठीत व्हावा असं मला मनापासून वाटतं. गंमत म्हणून नाही, परदेशी वस्तू आणून मिरवायची म्हणूनही नाही. या शहराकडे तो ऐकायला लागणारा कान आहे आणि त्यातल्या एका गाण्याचा अर्थ या शहराइतका कुणाला कळलेला नाही, म्हणून. पण तिथवर जाण्याआधी आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब मांडायला हवा.

मराठी संगीत नाटकाने इटालियन ऑपेराची नक्कल केली असं म्हणणं चुकीचं ठरेल. मधे पारशी मंडळी होती. १८७०च्या दशकात मुंबईच्या पारशी कंपन्या आपल्या गाण्यांनी भरलेल्या उर्दू-गुजराती खेळांना ‘ऑपेरा’ म्हणूनच जाहिरात करत. असा एक खेळ अण्णासाहेबांनी पुण्यात पाहिला आणि मराठीत हे का होऊ नये, असा ध्यास घेतला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ उभं राहिलं. म्हणजे युरोपातून आपण चाली घेतल्या नाहीत, गोष्टी फारशा घेतल्या नाहीत. अख्खं नाटक गाण्यावर तोलून धरता येतं, हा धीर मात्र त्या शब्दाबरोबर वाहत आला. बाकी सगळं घरचं. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातली आर्या, पुढे ख्याल-ठुमरीचा अंश. इटालियन ऑपेरात संवाद पुढे सरकवायला हार्पसिकॉर्डच्या साथीने अर्धं बोलत अर्धं गात जातात. ते काम किर्लोस्करांनी साकी-दिंडीकडून करून घेतलं. दोन्हीकडे अडचण सारखीच होती आणि दोघांनी ती आपापल्या घरातल्या सामानाने सोडवली.

साम्यं शोधायला लागलं की थांबावंसं वाटत नाही. दोनिझेत्तीचा ‘दोन पास्क्वाले’, म्हातारपणी तरुण बायको करायला निघालेल्या कंजूष माणसाची फजिती, पॅरिसमध्ये जानेवारी १८४३ मध्ये रंगला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. रोममध्ये पोपच्या राज्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बायकांना रंगमंचावर बंदी होती, त्यामुळे नायिका पुरुषच गात. जर्मन कवी गटेने १७८०च्या दशकात तिथे इटालियन नाटककार गोल्दोनीची नायिका पुरुषाने केलेली पाहिली आणि त्या अनुभवावर कौतुकाने निबंध लिहिला. त्याने बालगंधर्व पाहिले असते तर काय लिहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि ‘वन्समोअर’? तो फक्त आपलाच शौक, असं समजू नये. फेब्रुवारी १७९२ मध्ये व्हिएन्नात चिमारोझाचा ‘इल मात्रिमोनियो सेग्रेतो’ झाला, गुपचूप लग्न केलेल्या जोडप्याची धमाल गोष्ट. सम्राट लिओपोल्ड इतका खूश झाला की त्याने सगळ्यांना जेवू घातलं आणि त्याच रात्री अख्खा ऑपेरा पहिल्यापासून पुन्हा करायला लावला.

मुंबईत या जातीच्या खेळासाठी बांधलेली इमारत आजही उभी आहे. गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाउस. कलकत्त्याचा नाट्यव्यवसायी मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारायला घेतलं; १९११ साली, बांधकाम पुरं व्हायच्या आतच, पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे तिथे मराठी नाटकं झाली, पृथ्वीराज कपूरांनी खेळ केले, मग सिनेमा आला, आणि १९९३ला दारं बंद. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी ते पुन्हा उभं केलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या गायिका पॅट्रिशिया रोझारियो यांच्या गाण्याने ते उघडलं. पुढल्याच वर्षी, २०१७ मध्ये, त्याच रंगमंचावर रोसिनीचा पहिलावहिला विनोदी ऑपेरा ‘ला काम्बियाले दि मात्रिमोनियो’ सादर झाला.

या छोट्या एकांकी ऑपेराची गोष्ट भिवंडीच्या कापडबाजारात उभं राहून सांगावी अशी आहे. इंग्लंडमधला एक व्यापारी आपल्या मुलीचं लग्न कॅनडातल्या व्यापाऱ्याशी ठरवतो, आणि ठरवतो ते हुंडीवर. माल अमुक वर्णनाचा, चांगल्या स्थितीत, पोच मिळताच रक्कम अदा. मुलगी म्हणजे माल. पण कॅनडातून आलेला गडी दिलदार निघतो: मुलीचं मन कळल्यावर ती हुंडी तो तिच्या प्रियकराच्या नावे फिरवून मोकळा होतो. १८१० साली व्हेनिसमध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा रोसिनी अठरा वर्षांचा होता. ‘शारदे’त कांचनभट मुलीचे पैसे मोजून घेतो तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो, इथे तोच सौदा हसवत हसवत उघडा पाडलाय. दलाल, उधारी, पार्टी, मुदत हे शब्द ज्यांच्या रोजच्या जिभेवर आहेत, त्या प्रेक्षकाला यातला एकही विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपल्याकडे काय नाही, ते.

संगीत नाटकात माणसं एकामागून एक गातात. एक पद, त्यावर टाळी, मग दुसरं. दोघांचं एकत्र गाणं असलंच तर बहुधा एकच सूर दोघे मिळून धरतात. इटालियन विनोदी ऑपेराचं खरं बळ नेमकं याच्या उलट ठिकाणी आहे. तिथे अंकाच्या शेवटी पाच-सहा माणसं एकाच वेळी, वेगवेगळे शब्द, वेगवेगळ्या सुरावटीत गात असतात. एक घाबरलेला, एक चिडलेला, एक प्रेमात, एक पैसे मोजतोय. बोलण्यात हे अशक्य. चार जण एकदम बोलले तर कलकलाट होतो. चार जण एकदम गायले तर प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते एका क्षणात दिसतं. गुंता वाढवत न्यायचा आणि तो सुरांनी धरून ठेवायचा, ही त्या लोकांची करामत. आपल्या एका सुरावर एकाग्र होणाऱ्या गायकीने ती कधी मागितली नाही, म्हणून ती आली नाही.

पण मुंबईतच, दुसऱ्या एका भाषेत, ती आली होती. ती हकिकत मराठी रंगभूमीच्या इतिहासात फार कमी वेळा सांगितली जाते. गोव्यातल्या आसगावचा लुकाझिन रिबेरो हा तरुण मुंबईत इटालियन ऑपेरा पाहून वेडा झाला. त्याने त्या फिरत्या कंपनीत पडद्यामागचं काम धरलं, तिच्याबरोबर गावोगाव फिरला, आणि कंपनी देश सोडून निघाली तेव्हा तिचे काही पोशाख विकत घेतले. मग जुवांव आगुस्तिन फर्नांडिस आणि इतर गोवेकर साथीदार जमवून त्याने कोकणी खेळ बसवला: ‘इटालियन भुरगो’. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार, न्यू आल्फ्रेड थिएटर. तियात्र या नाट्यप्रकाराचा जन्म त्या दिवशीचा मानतात. एका इटालियन कंपनीच्या उतरवलेल्या कपड्यांतून गोव्याची एक अख्खी रंगभूमी उभी राहिली, आणि आज १३० वर्षं होऊन गेली तरी ती चालू आहे, तिकीट काढून लोक जातात.

तियात्रात दोन प्रवेशांच्या मधे कांतारां असतात. एकट्याचं, दोघांचं, तिघांचं, चौघांचं. चर्चच्या वाद्यवृंदात आणि गायनवर्गात वाढलेल्या त्या मंडळींना एका गाण्यात वरचा सूर आणि खालचा सूर वेगळा धरायला कुणी शिकवावं लागलं नाही.

इथे भिवंडीचा भूगोल कामाला येतो. अंजूरफाट्यावरून चिंचोटीचा रस्ता धरला की वसई. ट्रकच्या गर्दीत तो रस्ता जीव खातो, पण अंतर फार नाही. वसईतले ख्रिस्ती मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात; फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष त्यांनी दिला. चर्चमध्ये समूहाने गायची सवय या समाजात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. म्हणजे वेगळाले सूर एकत्र धरणारे आणि मराठी शब्द मराठीसारखे उच्चारणारे गळे हवे असतील, तर ते जगात जिथे शोधायचे ती जागा भिवंडीच्या शेजारी आहे. रोझिना, बार्तोलोच्या घरातली मोलकरीण बेर्ता आणि शिपायांचा समूह वसईतून आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या कानाबद्दल. ‘बार्बिएरे’च्या पहिल्या अंकाचा शेवट असा: दारुड्या शिपायाच्या वेशातल्या काउंटला पकडायला शिपायांची तुकडी घरात घुसते. काउंट अधिकाऱ्याला बाजूला घेऊन हळूच एक कागद दाखवतो. अधिकारी कडक सलाम ठोकतो. बार्तोलोच्या घरातली सगळी माणसं जागच्या जागी दगड होतात. काही क्षण कुणी पापणी हलवत नाही, फक्त हलका हलका सूर. मग एक चाल सुरू होते, आणि सगळे गाऊ लागतात की आपलं डोकं म्हणजे लोहाराची भट्टी झाली आहे, ऐरणीवर घण पडताहेत, आवाज वाढतोच आहे, भिंती थरथरताहेत, आता वेड लागणार. रोसिनीची युक्ती साधी आणि जबरदस्त: तेच वाक्य पुन्हा, पण दर वेळी एक वाद्य जास्त. आधी व्हायोलिनं, मग बासऱ्या, मग शिंगं, मग ढोल. चाल बदलत नाही, घनता वाढत जाते.

भिवंडीच्या शांतीनगरात किंवा नारपोलीत वीज गेल्यावर यंत्रमागाच्या कारखान्याच्या दारात उभं राहून बघा. सगळं गप्प. कारागीर कपाळ पुसतात, कुणी कांड्या आवरतो, कुणी तुटलेला धागा सांधतो. मग वीज येते. एक माग सुरू होतो. खट्ट-खट्ट. त्याच्या शेजारचा दुसरा, अर्धा ठोका मागे. मग तिसरा, पलीकडच्या रांगेतला. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि एका खोलीत असे वीस-पंचवीस माग असले की थोड्या वेळात वेगळा ठोका ऐकूच येत नाही. जमीन, पत्रा, छाती सगळं एकाच थरथरीत जातं. तीच चाल, एक एक वाद्य वाढत गेलेलं. रोसिनीने जे तीस-चाळीस वादकांकडून करवून घेतलं, ते या शहराची मुलं पाळण्यात ऐकतात. बाकी जगाच्या प्रेक्षकाला तो शेवट विनोदी वाटतो. भिवंडीच्या प्रेक्षकाला तो विनोदी तर वाटेलच, शिवाय खराही वाटेल. दिवसाचे बारा तास डोक्यात घण पडणं म्हणजे काय, हे त्याला कवीने सांगायची गरज नाही. त्या आवाजात कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलतात. दगड झालेल्या माणसांच्या त्या प्रसंगात मूक अभिनयाला याहून चांगले शिक्षक कुठे मिळणार?

भाषेची भीती मला वाटत नाही. इटलीतल्या ज्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातून हा ऑपेरा जन्मला, त्यात प्रत्येक पात्र आपापल्या गावची बोली बोलायचं: पैशेवाला म्हातारा व्हेनिसची, पढिक डॉक्टर बोलोन्याची, नोकर बेर्गामोची. भिवंडीत तर हे रोजचंच. बार्तोलोला पुस्तकी, शिष्ट मराठी द्यावी. फिगारो आगरी बोलीतच गावा. त्याच्या पहिल्या गाण्यात शब्दांची जी सरबत्ती आहे ती पोवाड्याच्या दौडीत मुरलेल्या गड्यालाच पेलेल, आणि आगरी माणसाच्या तोंडात ती आपसूक बसेल. काउंट शिपाई होऊन येतो तेव्हा त्याने दखनी उर्दू झोडावी. पद्मानगरच्या तेलुगू विणकरांच्या गल्लीतली वाटावी अशी बेर्ता असावी, सगळ्यांचं सगळं बघून कंटाळलेली. एकही पात्र ओढूनताणून आणलेलं वाटणार नाही.

दुसऱ्या अंकातला गाण्याच्या शिकवणीचा प्रवेश तर आपल्यासाठीच मोकळा सोडल्यासारखा आहे. रोझिना मास्तरांसमोर गाते, म्हातारा डुलक्या घेतो, आणि मास्तर म्हणजे तिचा प्रियकर. रोसिनीने तिथे स्वतःचं गाणं दिलंय, पण एकोणिसाव्या शतकातल्या गायिका बेधडक ते काढून आपल्या आवडीचं गाणं तिथे गात. आदेलिना पात्तीसारखी मोठी गायिका तर तिथे लोकप्रिय इंग्रजी गाणं म्हणायची. मग मराठी रोझिनाने तंबोरा जुळवून बंदिशीची तालीम का घेऊ नये? समेवर नजरानजर, तानेत निरोप, आणि म्हाताऱ्याला वाटतंय पोरीची प्रगती चांगली आहे. इथे साथीला ऑर्गन आणि सारंगी हवी, गंधर्व नाटक मंडळीत होती तशी. वन्समोअर घेण्याची हीच जागा.

आणि आता ते एक गाणं, ज्यासाठी मला हा ऑपेरा इथेच व्हावासा वाटतो.

बार्तोलोचा मित्र बाझिलियो. संगीतशिक्षक, लबाड, पैशाचा. काउंटला गावातून हुसकायचं कसं, असं बार्तोलो विचारतो. बाझिलियो म्हणतो, बदनामी. आणि मग तो बदनामी कशी वाढते ते गाऊन दाखवतो. सुरुवातीला झुळूक, कळेल न कळेल अशी. व्हायोलिनं जेमतेम ऐकू येतात. मग ती माणसाच्या कानात शिरते, तिथून जिभेवर येते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, जोर धरते, वादळ होते, आणि शेवटी तोफ डागल्यासारखा ढोल वाजतो. ज्याच्यावर ती पडली तो बिचारा लोकांच्या पायाखाली चिरडून संपतो. गाणारा हे सगळं मोठ्या आनंदाने सांगतो. तेच त्यातलं भयंकर आहे.

भिवंडीने ही झुळूक पाहिलीय. १९७० साली पाहिली, १९८४ साली पाहिली. दोन्ही दंगलींत माणसं मेली, घरं जळाली, माग जळाले. आणि नंतर या शहराने तिला अडवायचं कसं, हेही शिकून घेतलं. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, मागावरचे कारागीर, फेरीवाले, दुकानदार पोलिसांबरोबर नियमित बसू लागली, ओळखी झाल्या. कानावर काही आलं की पुढे सांगायच्या आधी विचारायला माणूस होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी नंतर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाने पुस्तकच लिहिलं. ज्या शहराला दंगलीचं गाव म्हणून हिणवलं जायचं, त्या शहराचं हे कर्तृत्व महाराष्ट्राने अजून पुरेसं मिरवलेलं नाही, याचा मला राग आहे.

बाझिलियोचं गाणं मिलानमध्ये, लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये लोक हसून घेतात. ते इथे गायलं गेलं तर सभागृहात कसली शांतता पसरेल, आणि ढोलाचा शेवटचा ठोका पडल्यावर बार्तोलो जेव्हा म्हणतो की हे सगळं ठीक आहे, पण याला फार वेळ लागतो, तेव्हा कसं हसू फुटेल, ते मला पाहायचंय. हे गाणं मूळ चालीतच ठेवावं, एक सूर न बदलता. शब्द मराठी, पण मधली एक ओळ उर्दूत.

प्रयोगासाठी दिवस शुक्रवार, कारण शुक्रवारी माग बंद असतात आणि गाव मोकळं असतं. वेळ रात्री साडेनऊ. मूळ ऑपेरा अडीच तासांच्या वर जातो. पहिल्या अंकाचा शेवट, बाझिलियोचं गाणं, गाण्याची शिकवणी आणि फिगारोचं आगमन यांना हात न लावता बाकीचं निर्दयपणे कापलं तर पावणेदोन तासांत बसेल. वाद्यं पंधराच्या वर नकोत: व्हायोलिनं, एक चेलो, बासरी, क्लॅरिनेट, दोन शिंगं, ढोल, ऑर्गन, सारंगी. गाणाऱ्यांना ध्वनिक्षेपक लागतील आणि त्यात कमीपणा मानू नये. पत्र्याच्या, चुकीच्या उंचीच्या सभागृहात गळा फोडून घेण्यात काही शौर्य नाही. लग्न लावायला शेवटी नोटरी येतो, त्याच्याबरोबर आगरी लग्नात येतात तशी धवलारीण यावी आणि तिनेच धवला म्हणावा. बाझिलियोला साक्षीदार म्हणून सही करायला काउंट एका हातात अंगठी आणि दुसऱ्या हातात पिस्तूल दाखवतो. तो अंगठी घेतो आणि सही करतो.

तालीम पहिल्या अंकाच्या शेवटापासून सुरू करावी. सहा गळे आणि शिपाई एकदम गाणार, तेच सगळ्यात अवघड, आणि वसईची मंडळी व भिवंडीची मंडळी एकमेकांना तिथेच ओळखतील. पहिले दोन महिने तेवढंच.